बारा थरांचा प्रश्न

जाड कॅनव्हासची बॅग, ट्रेकची सॅक, तंबूखाली अंथरायची ताडपत्री असं काही घरच्या मशीनवर शिवायचं म्हटलं की सल्ला ठरलेला असतो: घरच्या मशीनचं ते काम नव्हे, सुया मोडतील, मोटर जळेल, त्यापेक्षा बॅगवाल्याकडे टाका. सल्ला देणारे बहुधा स्वतः शिवणारे असतात, त्यामुळे तो उडवून लावता येत नाही. सुया खरोखरच मोडतात. पण त्या नेमक्या कुठे मोडतात ते पाहिलं तर दोष मशीनच्या ताकदीत कमी आणि बॅगेच्या आखणीत जास्त निघतो. घरी शिवायला बसलेला माणूस दुकानातली बॅग समोर ठेवतो आणि तिची हुबेहूब नक्कल करू जातो. ती बॅग वेगळ्या मशीनसाठी, वेगळ्या घाईसाठी आणि पुष्कळदा वेगळ्या हवेसाठी आखलेली असते. चेन्नईत हा फरक फार ठळक दिसतो, कारण कारखान्याची मशीनं आणि समुद्रकाठची दमट हवा या दोन्ही गोष्टी इथे हाताशी आहेत. घरी जाड काम करता येतं, आणि चांगलं करता येतं. मात्र ते घरच्या मशीनला झेपेल असं आखावं लागतं.

साधी बाजारची पिशवी घ्या. कापड १० औंसाचं कॅनव्हास, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ३४० ग्रॅम. एका थराची जाडी ०.६ मिलिमीटरच्या आसपास. बाजूची शिवण मजबूत हवी म्हणून शर्टाच्या बाहीला असते तशी दोन्ही कडा एकमेकींत अडकवून दुहेरी टीप मारली, की त्या पट्टीत कापडाचे चार थर येतात. तोंडाची कड सुटू नये म्हणून ती दोनदा दुमडली, की तिचे तीन थर. आता ही दुमड बाजूच्या शिवणीवरून जाते तिथे चार गुणिले तीन, म्हणजे बारा थर एकावर एक बसतात. बारा थर म्हणजे सात मिलिमीटरच्या वर. घरच्या मशीनचा प्रेशर फूट उचलून साधारण सहा मिलिमीटर वर जातो. म्हणजे तो डोंगर फुटाखाली सरकायलाच तयार नसतो. जबरदस्तीने सरकवला, तर फुटाचं पुढचं टोक वर चढतं, मागची बाजू खाली राहते, खालच्या दात्यांची पकड सुटते आणि टाके एकाच जागी पडू लागतात. मग शिवणारा मागून कापड ओढतो, त्या ओढीने सुई वाकते आणि पुढच्या टाक्याला खालच्या पत्र्यावर आपटून तुटते. मोटरचा यात काही संबंध नाही. दहापट ताकदीची मोटर लावली तरी सुई तिथेच मोडेल, फक्त जास्त जोरात मोडेल.

हेच बारा थर आखणीने दोनावर आणता येतात. ३६ इंच पन्ह्याचं कॅनव्हास आडवं धरून एकच तुकडा मध्ये दुमडला, की अठरा इंच उंचीची पिशवी होते. तळाला शिवण लागत नाही, आणि तोंडाच्या दोन्ही कडांना कापडाचा मूळ काठ येतो. काठ सुटत नाही, म्हणून दुमड नको. उरल्या फक्त बाजूच्या दोन शिवणी: दोन थर, साधी टीप, आणि आतल्या कडेवर पातळ फीत. यावर अशी शंका येईल की कापड आडवं घेतलं तर वजन बाण्याच्या धाग्यांवर येईल, आणि कॅनव्हासचा ताणा सहसा जास्त भक्कम असतो. शंका रास्त आहे. म्हणूनच नवारीचे पट्टे तोंडापाशी न थांबवता पिशवीच्या तळाखालून पूर्ण वळसा घालून आणायचे. मग वजन नवार पेलते; कापडाला सामान आवरून धरण्यापुरतंच काम राहतं. नवारीचं टोक तळाशी, सपाट जागी जोडलं जातं, तिथे थर वाढले तरी अडचण होत नाही. एवढा एक निर्णय कागदावर घेतला, तर मशीन बदलायची गरज बहुतेक वेळा उरत नाही.

तरी ताकदीचा आक्षेप पुरता मिटत नाही. आपल्याकडे घरगुती मशीनला लावायची मोटर बहुधा १/१२ अश्वशक्तीची, म्हणजे साठेक वॉटची असते. कारखान्यातल्या जुन्या क्लच मोटरची ताकद अर्ध्या अश्वशक्तीपर्यंत जाते. फरक सहापटींचा आहे. पण कारखान्याला ती ताकद मिनिटाला दोन-दोन हजार टाके घालण्यासाठी लागते. एक टाका जाड कापडातून आरपार नेण्याला फार थोडी ताकद पुरते. हाताने चाक फिरवून पाहिलं की ते कळतं. म्हणून या कामाला नव्या हलक्या प्लास्टिकच्या मशीनपेक्षा जुनं काळं, ओतीव लोखंडाचं पायमशीन सरस ठरतं. १९३०च्या दशकात कोलकात्यात सुरू झालेल्या उषाची किंवा त्याच घडणीची लुधियानात बनलेली ही मशीनं चेन्नईत काय नि सांगलीत काय, अजून घराघरांत पडून आहेत. पायाखालचं जड चाक सावकाश फिरतानाही जोर टिकवून ठेवतं, आणि सावकाश शिवण्याचा आणखी एक फायदा आहे. भरधाव मशीनची सुई तापते आणि नायलॉन-पॉलिएस्टरचा धागा तिच्या डोळ्यात वितळतो. कारखान्यांना सुई थंड ठेवायला उपाय करावे लागतात; घरी तो प्रश्नच येत नाही.

धाग्याबद्दलही असाच गैरसमज आहे: जितका जाड धागा तितकी बॅग पक्की. घरच्या मशीनला १८ नंबरपर्यंतची सुई सुखाने चालते आणि त्या सुईतून टेक्स ७०, म्हणजे हजार मीटरला ७० ग्रॅम भरणारा धागा जातो. दुकानात तो बहुधा तिकीट ४० म्हणून मिळतो. तिकिटाचा आकडा जसा वाढतो तसा धागा बारीक होतो, हे नवख्यांना हमखास फसवतं. असा एक धागा साधारण पाच किलोच्या ताणाला तुटतो. शिलाई उद्योगातलं ढोबळ सूत्र असं, की इंचातले टाके गुणिले धाग्याची ताकद गुणिले दीड, इतकी शिवणीची ताकद. इंचाला सात टाके धरले तर एका इंच शिवणीला पन्नास किलो. वास्तवात याच्या निम्मं मिळालं तरी भाजीची पिशवी किंवा दिवसभराची सॅक त्यापुढे किरकोळ आहे. बॅगा फाटतात त्या धागा बारीक असल्यामुळे क्वचितच. ताण एकाच टोकावर एकवटल्यामुळे फाटतात. पट्टा जिथे अंगाला जोडला जातो तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी टीप मारली, आतून कापडाचा एक तुकडा लावला, की काम झालं. टाके मात्र तीन-चार मिलिमीटरचे मोठे हवेत. भीतीपोटी बारीक टाके घालणारा माणूस कापडाला पोस्टाच्या तिकिटासारखी भोकं पाडून ठेवतो, आणि ते नेमकं त्या रेषेवर फाटतं.

कारखाना असा का आखत नाही? कारण त्याला गरज नाही. चेन्नईत याचं उत्तर पेरियामेटच्या बाजूला दिसतं. हा चामड्याच्या व्यापाराचा जुना भाग. शहराच्या दक्षिणेला पल्लावरम आणि क्रोमपेट (या गावाचं नावच क्रोम लेदर कंपनीवरून पडलेलं), पश्चिमेला पालार नदीच्या काठाने राणीपेट, अंबूर, वाणियंबाडी अशी कातडं कमावण्याची आणि जोड्यांची केंद्रं. केंद्रीय चर्म संशोधन संस्था १९४८ साली अड्यारला आली ती उगाच नव्हे. चामड्याच्या शिलाईला जे मशीन लागतं तेच जाड कॅनव्हासलाही लागतं: सुई, वरचा पाय आणि खालचे दाते तिघं मिळून माल पुढे नेतात, त्यामुळे थरांची थप्पी घसरत नाही. ज्याच्याकडे असं मशीन आहे त्याला थर कमी करण्यात डोकं खर्च करायचं कारण नाही. उलट सगळे तुकडे फोम-अस्तरासकट एकावर एक ठेवून कडेने एकदाच फीत मारणं त्याला वेगाचं पडतं. दुकानातल्या सॅकची आतली कड उलटून पाहिली की हेच दिसतं: पाच-सहा थर आणि वर गुंडाळलेली फीत. ती रचना मजबुतीसाठी निवडलेली नाही, मजुरीचा वेळ वाचवण्यासाठी निवडलेली आहे. घरी तिची नक्कल करणं म्हणजे दुसऱ्याची घाई उसनी आणणं.

मग तेच मशीन जुन्या बाजारातून का घेऊ नये, असा प्रश्न चेन्नईकर हमखास विचारेल, कारण दुरुस्ती करणारे कारागीरही इथे मिळतात. रोज शिवणाऱ्याने जरूर घ्यावं. पण टेबलासकट ते फ्लॅटमधला एक कोपरा कायमचा खातं, आणि त्यावर ब्लाउज किंवा उशीचा अभ्रा शिवता येत नाही. वर्षाला चार-पाच नग शिवणाऱ्याला त्यापेक्षा सोपी वाट आहे: नव्वद टक्के शिवण घरी, आणि जिथे थर आटोक्यात येत नाहीत तिथले चार टाके दाभणाने हाताने. शिलाई मशीन येण्याआधी जहाजांची शिडं, तंबू, घोड्यांचे खोगीर हे सगळं मेण लावलेल्या दोऱ्याने हातानेच शिवलं जायचं. शिडं शिवणारे तळहातावर सुई रेटायला चामड्याची पट्टी चढवत. पोती शिवणाऱ्या हमालाला आणि फुटपाथवरच्या चांभाराला हे शिकवावं लागत नाही. तमिळनाडूत पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या भावसार आणि नामदेव शिंपी घरांना, जी घरात अजून आपल्या वळणाची मराठी बोलतात, तर रंगाई-शिलाई हा वारसाच आहे.

घरासाठी वेगळी आखणी ही कल्पना नवीनही नाही. डिक केल्टी १९५२ साली कॅलिफोर्नियात स्वतःच्या घरी पाठीवरच्या सॅक बनवून विकू लागला. शिलाई त्याची बायको करायची. पुढे १९६६ साली कोलोरॅडोत फ्रॉस्टलाइन नावाची कंपनी निघाली. ती तयार जाकिटं, झोपायच्या पिशव्या, तंबू विकत नसे. कापलेले तुकडे आणि पायरीपायरीने लिहिलेल्या सूचना पाकिटात घालून विकायची, आणि गिऱ्हाईक घरच्या मशीनवर ते शिवायचं. फ्रॉस्टलाइनचा खरा माल कापड नव्हता, आखणी होता. घरच्या मशीनला काय झेपतं हे एकाने नीट बसून ठरवलं आणि हजारोंनी त्याप्रमाणे शिवलं. तयार माल स्वस्त झाल्यावर ही किटं मागे पडली, पण घरी जमत नाही म्हणून नव्हे. आपल्याकडे मात्र असा आखणीचा धंदा कुणी केल्याचं दिसत नाही, आणि मला तीच खरी उणीव वाटते. पेरांबूरच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलने अनेक दशकं लष्करासाठी खाकी विणली. ती १९९६ साली बंद पडली. अवडीला १९६१पासून लष्करी कपड्यांचा कारखाना आहे. भक्कम कापडाचं आणि भक्कम शिलाईचं ज्ञान या शहरात कमी नाही. ते घराच्या उंबऱ्यापर्यंत पोचलेलं नाही, एवढंच.

आता हवेचा मुद्दा, आणि घरच्या शिलाईचं पारडं सर्वांत जड होतं ते इथे. सह्याद्रीतला पाऊस जून ते सप्टेंबर येतो आणि मग हवा कोरडी पडते. चेन्नईला वर्षाच्या सुमारे १,४०० मिलिमीटरपैकी निम्म्याहून जास्त पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो, आणि उरलेल्या महिन्यांतही समुद्रामुळे हवेत दमटपणा कायम. दुकानातल्या बहुतेक सॅकच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा थर असतो. ऊब आणि बाष्प एकत्र आलं की हा थर हळूहळू विघटित होतो. कपाटाच्या वरच्या फळीवर दोन-तीन वर्षं पडलेली सॅक काढावी तर आतून चिकट, पापुद्रे सुटलेले आणि आंबूस वास. वापरून झिजण्याआधी ती ठेवून खराब होते. सुती कॅनव्हासला हा रोग नाही, पण त्याला बुरशी धरते. नायलॉन उन्हात कमजोर होतं, पॉलिएस्टर त्या मानाने टिकतं. म्हणून बाहेरच्या कामाला धागा पॉलिएस्टरचाच बरा. खाऱ्या वाऱ्यात मुलामा दिलेली लोखंडी बकलं गंजतात आणि जस्ताच्या ओतीव कड्या पांढरट पडून ठिसूळ होतात. तिथे स्टेनलेस किंवा चांगल्या प्लास्टिकची बकलं हवीत. देशभर एकच माल पाठवणारी कंपनी बेसंट नगरच्या वाऱ्याचा विचार करून कडी निवडणार नाही. घरी शिवणाऱ्याला तो विचार फुकट करता येतो.

पाण्यापासून बचावाचं काय, हा आक्षेप बरोबर आहे. शिवलेली कोणतीच वस्तू पूर्ण जलरोधक नसते. प्रत्येक टाका हे एक भोक आहे. खऱ्या अर्थाने पाणी न शिरणाऱ्या पिशव्या शिवत नाहीत, उष्णतेने जोडतात. मेण चोळलेलं कॅनव्हास थंड देशात छान चालतं, पण पॅराफिनची साधी जात पन्नास अंशांच्या आसपास वितळू लागते, आणि मे महिन्यात अण्णा सलाईवर उभ्या केलेल्या गाडीत ती पिशवी ठेवली तर सीटवर तिचा नकाशा उमटतो. जुनी तुरटी-साबणाची प्रक्रिया इथे जास्त सोयीची: साबणाच्या पाण्यात भिजवून मग तुरटीच्या पाण्यात बुडवलं की धाग्यांवर पाणी झटकणारा एक न विरघळणारा लेप बसतो. धुण्याने तो उतरतो, पुन्हा करावा लागतो. शिवाय सुती कापड ओलं झालं की धागे फुगून विणीतली आणि टाक्यांची भोकं बुजवतात. जुने तंबू याच गुणावर चालत. तरीही डिसेंबर २०१५चा चेन्नईतला पूर किंवा डिसेंबर २०२३चं मिचाँग वादळ ज्यांनी पाहिलं त्यांना एवढ्यावर समाधान वाटणार नाही, आणि वाटूही नये. कागदपत्रं आणि फोन यांच्यासाठी आत वेगळी, जोडणीची प्लास्टिक पिशवी ठेवायची. कॅनव्हासने तिला ओरखड्यांपासून वाचवायचं. एकाच वस्तूकडून दोन्ही कामं करून घ्यायचा हट्ट हीसुद्धा दुकानातल्या जाहिरातीचीच नक्कल.

खर्चाचा हिशोब घरच्या बाजूने लागत नाही, हे मोकळेपणाने मान्य करावं. गोडाऊन स्ट्रीटवर कापड ठोकात मिळतं, पण दोन मीटर घेणाऱ्याला ठोकाचा भाव कोण देणार? चेन, बकलं, नवार किरकोळीत घेतली की तयार स्वस्त सॅकची किंमत तिथेच गाठली जाते, आणि श्रम तर धरलेच नाहीत. पर्यावरणाचा दाखलाही जपून द्यावा. तमिळनाडूने १ जानेवारी २०१९पासून एकदाच वापरायच्या १४ प्रकारच्या प्लास्टिकवर बंदी घातली आणि डिसेंबर २०२१मध्ये ‘मीण्डुम मंजप्पै’, म्हणजे पुन्हा पिवळी पिशवी, ही मोहीम काढली. लग्नात आहेराबरोबर मिळणारी ती हळदी रंगाची कापडी पिशवी तमिळ माणसाच्या मनात घर करून आहे. पण डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेच्या २०१८च्या अभ्यासानुसार साधी सुती पिशवी हवामानाच्या दृष्टीने प्लास्टिकच्या बरोबरीला यायला ५२ वेळा वापरावी लागते, आणि सगळे निकष धरले तर ७,१०० वेळा. पहिला आकडा आठवडी बाजारात वर्षभरात पुरा होतो. दुसरा गाठायला आठवड्याला एकदा या हिशोबाने १३६ वर्षं लागतील. त्या ७,१००च्या आकड्यावर वाद घालता येतो, कारण तो ओझोनच्या एकाच निकषामुळे इतका फुगलेला आहे. पण नव्या जाड कॅनव्हासमध्ये कापूस जास्त, म्हणजे भार जास्त, हे नाकारता येत नाही. नवं कापड आणून हौसेने दहा पिशव्या शिवून वाटणाऱ्याने पर्यावरणाचं नाव घेऊ नये.

जुन्या मालाची गोष्ट वेगळी. झुरिकच्या फ्रायटाग बंधूंनी १९९३ साली ट्रकच्या जुन्या ताडपत्रीच्या बॅगा करून धंदा उभा केला. चेन्नईत त्याच जातीचा माल फ्लेक्सच्या रूपाने रस्तोरस्ती टांगलेला असतो: पॉलिएस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा लेप, वर नेत्याचा किंवा नटाचा हसरा चेहरा. तो फुकटात मिळतो, भिजत नाही, एका थराला घरचं मशीन सहज भेदतं. अडचणी दोन. प्रेशर फुटाला तो चिकटतो. मध्ये पातळ कागदाची पट्टी ठेवून शिवलं आणि मग कागद फाडून टाकला की सुटतं. दुसरी अडचण गंभीर: एकदा पाडलेलं भोक बुजत नाही, त्यामुळे उसवून पुन्हा शिवायची सोय नाही, आणि उन्हात महिनोन्‌महिने राहिलेला फ्लेक्स आधीच कडक होऊन तडकायला आलेला असतो. बॅग करण्याआधी कोपरा चार-पाच वेळा उलटसुलट मुडपून पाहावा. पांढरी रेघ उठली तर तो तुकडा रद्दीत.

दुरुस्तीच्या बाबतीत मात्र घरच्या शिलाईला तोड नाही. दुकानातली सॅक चेन बिघडली की मरते, कारण ती चेन अस्तर आणि फीत यांच्या सहा थरांत गाडलेली असते. ती काढायची तर अर्धी सॅक उसवावी लागते. थर कमी ठेवून, चेन एकाच सपाट पट्टीवर बसवून आखलेल्या सॅकची चेन तासाभरात बदलता येते. खर्चाचा हिशोब दहा वर्षांनी कुठे झुकतो ते पाहायचं असेल तर या चेनवर पाहावं.

एका गोष्टीत घरच्या शिलाईने हात घालू नये: ज्यावर माणसाचा जीव टांगला जातो. गिर्यारोहणाचा हार्नेस युरोपीय मानकाप्रमाणे १५ किलोन्यूटनचा, म्हणजे ढोबळमानाने दीड टनाचा ताण सोसतो की नाही हे यंत्रावर तपासतात. वर दिलेलं इंचाला पन्नास किलोचं गणित तिथे लावणं हा आत्मघात आहे. खाली पडताना बसणारा झटका वजनाच्या कैक पट असतो आणि घरी तो मोजायचं साधन नाही. पण चेन्नईकराची रोजची गरज तिथवर जातच नाही. राज्याच्या वनखात्याने ऑक्टोबर २०२४मध्ये ‘ट्रेक तमिळनाडू’ सुरू केलं तेव्हा ४० वाटा खुल्या केल्या, आणि त्यातल्या बहुतेक दिवसाउजेडी जाऊन परतायच्या आहेत. त्यांना लागते ती पंधरा-वीस लिटरची सॅक: दोन लिटर पाणी, दहीभाताचा डबा, एक जाकीट आणि आत वेगळी प्लास्टिकची पिशवी. एका तुकड्यात दुमडलेलं अंग, वर ओढून बंद करायचं तोंड, तळाखालून वळसा घेतलेली नवार. चेनही लागत नाही. सर्वांत जाड जागी पाच थर, म्हणजे तीन मिलिमीटर. काळं पायमशीन तेवढं कुरकुर न करता शिवतं.